पाळण्याच्या दोरीचं गाव

फार पूर्वी, आगपेटीचाही शोध लागायचा होता तेव्हा, एका उंच कड्याखाली एक गाव होतं आणि त्या गावात भित्रा माणूस एकही नव्हता. निदान गावाचं म्हणणं तसं होतं.

कड्याचं नाव घारीचा कडा. दरवर्षी त्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी लटकायची, एकेक पोळं सुपाएवढं. गाव त्या मधावर जगायचं. चैत्र सरत आला की मध काढायचा दिवस ठरे आणि सगळं गाव कड्याखालच्या माळावर जमे. कड्याच्या माथ्यावर अंजनीचं एक जुनं झाड होतं. त्याला दोराची लांब शिडी बांधायची, ओल्या पाल्याची धुमसती पेंढी खाली सोडायची, अंगावर घोंगडी घ्यायची आणि एकेकानं उतरायचं. घरातल्या मुलाला विसावं वर्ष लागलं की त्याची पाळी आली.

फक्त एक गोष्ट करायची नाही. कंबरेला दोर बांधायचा नाही. दोर म्हणजे दावं, आणि दावं गुरांना. कुणी चुकून दोराचं नाव काढलंच तर गाव त्याला ‘दावणीचा’ म्हणे. एकदा माणूस दावणीचा ठरला की मरेपर्यंत त्याच्या पानात पुरणपोळी वाढताना बायका हसत. धूर इतका दाट असे की उतरणारा माणूस खालून धड दिसतही नसे, नुसतं एक काळं घोंगडं हललेलं दिसे. गाव त्यालाच शौर्य म्हणे.

या गावात एका घरी तीन भावंडं होती. थोरला, मधली आणि धाकटा.

थोरला म्हणजे गावाचा जीव की प्राण. पाच वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा उतरला आणि निम्म्या शिडीवर पोचल्यावर त्यानं असं काही केलं, की त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात सोडले. घोंगड्यातून दोन हात पंखांसारखे बाहेर आले आणि वर एक लांब शीळ वाजली. खाली माळावर बायकांनी तोंडाला पदर लावले, म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या. तेव्हापासून त्याचं नाव पडलं हातसोड्या. दरवर्षी तो हात सोडायचा आणि दरवर्षी गाव वेडं व्हायचं.

धाकटा म्हणजे थोरल्याची सावली, आणि सावलीसारखाच त्याच्याहून जरा लांब. थोरला डाव्या बाजूला मुंडासं कलतं बांधायचा, म्हणून धाकटाही बांधायचा. त्याचं मुंडासं मात्र कानावर यायचं. थोरला भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडायचा, म्हणून धाकट्यानंही फोडला, आणि आठ दिवस करंगळीला हळद लावून हिंडला. थोरल्याला याची मोठी मौज वाटे. आपल्यासारखं कुणाला तरी व्हावंसं वाटतं, यात वाईट वाटण्यासारखं असतं तरी काय?

आणि मधली? मधली काळजी करायची.

तिला तो एक उद्योगच होता. विहिरीत वाकू नकोस, पेरूच्या बिया गिळू नकोस, जेवल्यावर पोहू नकोस, म्हशीच्या मागून जाऊ नकोस. लहानपणापासून धाकट्याला तिनं नव्याण्णव सूचना दिल्या असतील. त्यातल्या एकीचीही कधी गरज पडली नव्हती. पेरू पचले, म्हशीनं लाथ मारली नाही. त्यामुळे मधलीचं म्हणणं म्हणजे घरात पाखरांचा किलबिलाट. कानावर पडतो, पण त्यासाठी कुणी हातातलं काम थांबवत नाही. तिला स्वतःलाही वाटायचं, या शूर गावात देवानं एक भित्री जन्माला घातली ती नेमकी आपण.

पण मधलीला एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

पाच वर्षांपूर्वी, पहिल्या उतरणीच्या आठवडाभर आधी एका दुपारी, थोरला तिला गोठ्यामागे घेऊन गेला होता. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यानं तिला चार हात दोरी वळून मागितली. बारीक हवी, पण पक्की. तिच्या टोकाला बांधायला बाभळीच्या लाकडाचा एक आकडा त्यानं स्वतः तासून आणला होता. दोरी कंबरेला, घोंगडीच्या आत. आकडा शिडीच्या पायरीला अडकवायचा. धुरात कोण बघतंय?

“आणि दोरी वळायचा वाख कशाला हवा म्हणून कुणी विचारलं तर?” मधलीनं विचारलं.

“सांग, पाळण्याची दोरी वळायचीय.”

“पाळण्याची? घरात सगळ्यात लहान धाकटा आणि त्याचे पाय खाटेबाहेर येतात.”

थोरला हसला नाही. त्यानं तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. “कुणाला सांगणार नाहीस म्हण.” तिनं म्हटलं. भावाच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं वचन. ते मोडलं तर त्याच डोक्याचं काहीतरी वाईट होणार, अशी तिची पक्की समजूत. काळजी करणाऱ्याला अशी शपथ घालणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगण्याच्या बरोबर उलटं. ती जन्मभर राखत बसणार.

अंबाडीचा वाख विकणारा बाजाराच्या दिवशी गावात यायचा. मधलीनं त्याच्याकडे वाख मागितला आणि मान खाली घालून पाळण्याचं नाव घेतलं. वाखवाल्यानं जुडी तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाला, “तुमच्या गावात पाळणे फार हो.” आपलं खोटं पकडलं गेलं या भीतीनं ती पळत घरी आली. त्याच्या बोलण्याचा दुसरा काही अर्थ असेल, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही.

तर थोरल्याच्या दोन सुट्या हातांमागे एक आकडा होता. हात सोडल्यावर तो पायांवर उभा नसायचा. मधलीनं तीन पेड घालून, मेण चोळून वळलेल्या दोरीला टांगलेला असायचा. दरवर्षी ती नवी दोरी वळून द्यायची आणि दरवर्षी गाव हातसोड्याचा जयजयकार करायचं. मधलीला याचं थोडं हसू यायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा. त्या जयजयकाराचे चार हात तिचे होते.

यंदा धाकट्याला विसावं लागलं.

मधलीनं न सांगता एकाऐवजी दोन दोऱ्या वळल्या. दुसरी जरा जाड वळली, कारण धाकटा जरा वेंधळा. होळीनंतर एके सकाळी ती दोरी घेऊन त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, घोंगडीच्या आत कुणाला दिसणार नाही, एवढी कंबरेला बांध.

धाकट्यानं दोरी बोटांत धरून वर उचलली, जणू मेलेलं फुरसं. “ताई, ही गोठ्यात टांग. कपिलेला होईल.”

“अरे, पण सगळेच...” एवढं बोलून मधली थांबली. डोक्यावरचा हात आठवला.

“सगळेच काय? दादा बांधतो?”

मधलीनं नजर वळवली. धाकट्यानं त्याचा अर्थ लावायचा तोच लावला आणि दोरी तिच्या खांद्यावर टाकून शीळ घालत निघून गेला. ती शीळही थोरल्याचीच होती.

दोन दिवसांनी परसातल्या चिंचेखाली धप्प असा आवाज झाला. मधली धावली. चिंचेच्या फांदीला जुनी शिडी टांगलेली होती आणि खाली शेणाच्या उकिरड्यातून धाकटा बाहेर येत होता. उकिरडा ताजा होता, त्यामुळे हाडं शाबूत होती. बाकीच्याविषयी न बोललेलं बरं. तो शिडीवर उभा राहून दोन्ही हात सोडायचा सराव करत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सातपर्यंत मोजून होत होतं. दादा वीसपर्यंत तरी राहतो; म्हणजे अजून तेरा कमी.

“कड्याखाली उकिरडा नाही रे,” मधली म्हणाली.

“दादाला जमतं ते मला का जमू नये? एकाच आईचं दूध प्यायलोय.” धाकट्यानं केसातलं शेण झटकलं. त्यातलं निम्मं मधलीवर पडलं. “आणि मी दादापेक्षा एक जास्त करणार. हात सोडल्यावर टाळ्या वाजवणार.”

मधली तिथेच चिंचेच्या मुळावर बसली. शंभरावी सूचना खरी होती. पण दिसायला ती बाकीच्या नव्याण्णवांसारखीच होती.

त्याच दिवशी ती थोरल्यामागे लागली. तो आंब्याखाली घोंगडी उन्हात टाकत होता. तिनं सगळं सांगितलं. सात, वीस, टाळ्या, उकिरडा. थोरला आधी हसला, मग हसू मावळलं. तरी म्हणाला, त्यात काय, मी समजावतो त्याला, माझं तो ऐकेल. आणि त्यानं समजावलंही. संध्याकाळी ओट्यावर धाकट्याला शेजारी बसवून सांगितलं, की पहिल्या वर्षी सावकाश उतरायचं, दोन्ही हात शिडीला, हात सोडणं वगैरे काही नको. धाकट्यानं मान डोलावली. उठून आत आला आणि मधलीला डोळा मारून म्हणाला, “दादाला भीती वाटतेय.”

मधलीच्या जिवात जीव आला. “कशाची?”

“मी त्याच्यापुढे जाईन याची.”

मधलीनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा थोरल्यापाशी गेली. यावेळी तिनं समजावलं नाही, की रडली नाही.

“दादा, तो तुझं ऐकत नाही. कधीच ऐकलं नाही. तो तुला बघतो. पाच वर्षं त्यानं डोळ्यांत तेल घालून तुला बघितलंय. तुझं मुंडासं उचललं, तुझा कांदा उचलला, शीळ उचलली. तू जेवढं लपवलंस तेवढं एकच राहिलं. त्याला दाखव.”

थोरला बराच वेळ घोंगडीच्या दशा ओढत बसला. गाव काय म्हणेल, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. हातसोड्याचा दावणीचा व्हायला एक दुपार पुरेशी होती. “बघू,” तो म्हणाला. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे भावंडांमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. मधली परत येताना स्वतःलाच बोल लावत होती. दोरी कुणी वळली? आपणच. पाळण्याचं खोटं कुणी सांगितलं? तेही आपणच. थोरल्यानं आकडा लपवला, पण त्यावर घोंगडी आपणच पांघरली.

मध काढायचा दिवस उजाडला. माळावर सगळं गाव जमलं. पोरं बापांच्या खांद्यावर, म्हातारे बाजल्यांवर. वाखवालाही पाल ठोकून बसला होता. कड्याच्या माथ्यावर तिघं भावंडं. उतरणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी धुराची पेंढी सोडायला आणि मधाची टोपली ओढायला वर थांबायचं असे. मधली थांबली होती. तिनं धाकट्यासाठी वळलेली जाड दोरी, आकड्यासकट, स्वतःच्याच कंबरेला गुंडाळून वर पदर खोचला होता. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. काळजी करणारी माणसं सामान जास्तच घेतात.

नवा गडी आधी उतरायचा, असा रिवाज होता. धाकट्यानं थोरल्यासारखंच तळहातावर थुंकून हात चोळले, अंजनीच्या झाडाला नमस्कार केला आणि शिडीवर पाय ठेवला. एक पायरी, दोन पायऱ्या, पाच. मधलीनं पेंढी पेटवून हातात धरली होती. ती खाली सोडायचं भान तिला राहिलं नाही. त्यामुळे त्या दिवशी धूर झालाच नाही, आणि माळावरून सगळं लख्ख दिसत होतं.

खालून आरोळी उठली. “हातसोड्याचा भाऊ! हात सोड! हात सोड!”

बाराव्या पायरीवर धाकटा थांबला.

मधली थोरल्याकडे वळली. “दादा, पाच वर्षांपूर्वी मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो मी आता काढते. तुला होणार असेल ते होवो. त्याला होऊ देणार नाही. तू सांगतोस की मी ओरडू?”

थोरल्यानं खाली बघितलं. धाकट्याचा एक हात सुटला होता आणि हवेत पंखासारखा पसरला होता. अगदी त्याच्यासारखा. मुंडासं डाव्या कानावर आलेलं. थोरल्याला एकाएकी दिसलं, की तिथे आपणच लटकलो आहोत, फक्त कंबरेची दोरी तेवढी नाही.

आता घारीच्या कड्याची एक खोड होती. तो आवाज घुमवायचा. माथ्यावर कुणी शिंकलं तर खाली माळावरून लोक ‘शतायुषी हो’ म्हणत. थोरल्याला हे ठाऊक होतं. आपण इथे जे बोलू ते धाकट्याआधी गावाला ऐकू जाईल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं अंगावरची घोंगडी काढून फेकली, कंबरेचा आकडा हातात धरला आणि उंच केला.

“धाकट्या, दुसरा हात सोडू नकोस. वर बघ. हा आकडा बघ. पाच वर्षं मी याला टांगून हात सोडतोय. याच्याशिवाय मी एक बोटसुद्धा सोडलेलं नाही. मला भीती वाटते रे.”

वाटते रे, वाटते रे, वाटते रे, कडा म्हणाला.

खालची आरोळी अर्ध्यावरच तुटली.

धाकट्यानं वर बघितलं. बघताना शिडी गर्रकन वळली, त्याचा पाय पायरीतून निसटला आणि तो एका कोपरावर लोंबकळला. मुंडासं निघून खाली गेलं. ते किती वेळ पडत होतं, ते सगळ्यांनी बघितलं.

थोरल्यानं शिडीकडे झेप घेतली. मधलीनं त्याचा दंड पकडला आणि एकच शब्द म्हणाली, “आकडा.” घाईत तो अडकवायलाच विसरला होता. मग तिनं पदर सोडून कंबरेची जाड दोरी काढली आणि त्याच्या गळ्यात टाकली.

थोरला उतरू लागला. बिनधुराचा, बिनघोंगडीचा, भर दुपारी, सगळ्या गावासमोर. प्रत्येक पायरीवर आकडा काढायचा, खालच्या पायरीला लावायचा, मग पाय. खट्. पाय. खट्. पाय. यापेक्षा हळू तो आयुष्यात कधी उतरला नव्हता. आणि धाकटा खालून, कोपराला रग लागलेली असताना, डोळे फाडून ते बघत होता. दादाकडून शिकायची जी एक गोष्ट राहिली होती, ती त्याला आज पहिल्यांदा दिसत होती.

बाराव्या पायरीवर पोचून थोरल्यानं जाड दोरी त्याच्या कंबरेभोवती आवळली आणि आकडा पायरीला लावला. खट्.

“दादा,” धाकटा धापा टाकत म्हणाला, “मला वाटायचं, तुला भीतीच वाटत नाही.”

“तुला तसं वाटावं, हीच तर माझी हौस होती,” थोरला म्हणाला. “चल वर. आधी आकडा, मग पाय.”

एवढ्या गोंधळात मोहोळातल्या चार माश्या चौकशीला आल्याच. तिघी धाकट्याच्या नाकावर बसल्या, एक थोरल्याच्या कानावर. दोघं माथ्यावर पोचले तेव्हा धाकट्याचं नाक वांग्याएवढं झालं होतं. मधलीनं आधी त्याला मिठी मारली, मग एक धपाटा घातला, आणि मग नाकाला लावायला चुना शोधू लागली. हे तिन्ही तिनं इतक्या भरभर केलं की धाकट्याला आधी काय झालं ते कळलंच नाही.

तिघं पायवाटेनं खाली उतरली. थोरल्यानं आकडा कंबरेलाच ठेवला होता, उघडा. माळावर पोचल्यावर लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “दावणीचा.”

थोरल्यानं मान खाली घातली. मधलीला वाटलं, झालं, शपथ मोडली ती फळाला आली.

तेवढ्यात बाजल्यावरून म्हातारबा उठले. म्हातारबा म्हणजे गावातले सर्वांत जुने मध काढणारे. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या न सोडता ते कड्यावरून उतरले होते, ही गोष्ट गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही पाठ होती. ते काठी टेकत थोरल्यासमोर आले, त्याचा आकडा उलटासुलटा करून बघितला आणि नाक मुरडलं.

“फार सरळ तासलायस. निसटेल एखाद दिवशी. आकड्याला अशी मान हवी.” असं म्हणून त्यांनी धोतराच्या आतून काहीतरी ओढून काढलं. काळाभोर, गुळगुळीत झालेला, बगळ्याच्या मानेसारखा वाकडा आकडा होता. “एक्कावन्न वर्षं झाली. मुंडावळ्यांबरोबर हाही होता. सवय झालीय मेली, अजून सुटत नाही.”

मागून म्हातारबांची म्हातारी खुदकन हसली. “आणि वळली कुणी, तेही सांगा की.”

ती हसली आणि तिच्या शेजारची हसली. मग तिसरी. बघता बघता माळावरच्या सगळ्या बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या, आणि सगळे पुरुष आपापल्या बायकांकडे, आयांकडे, बहिणींकडे डोळे वटारून बघू लागले. मग एकानं घोंगडी वर केली. आकडा. दुसऱ्यानं केली. आकडा. ज्यानं ‘दावणीचा’ म्हटलं होतं त्याच्याकडे तर दोन निघाले, एक पुढे आणि एक मागे.

वाखवाला आपल्या पालातून बाहेर आला. “मी म्हणतच होतो,” तो म्हणाला, “या गावात तान्ही लेकरं एकोणीस आणि पाळण्याच्या दोऱ्या साठ. मला वाटायचं, यांची पोरं दोऱ्या चघळतात की काय.”

मधली आईला शोधू लागली. आई बायकांच्या मागच्या रांगेत उभी होती आणि उगाचच पदर सारखा करत होती.

“आई, बाबांची?”

“पंचवीस वर्षं मीच वळली,” आई म्हणाली. “मला वाटायचं, सगळ्या गावात एकटा माझाच नवरा भितो. म्हटलं, आपली इभ्रत आपण झाकावी.”

“आणि दादा उतरायचा होता तेव्हा त्याला का नाही दिलीस?”

आईचा चेहरा उतरला. “ह्यांनी शपथ घातली होती. पण मी देवाला पाण्यात ठेवलं होतं गं त्या दिवसांत. तू वाखाला पाळण्याचं नाव घेतलंस म्हणून बाजारात कळलं, तेव्हा कुठे पाणी ओतलं.”

म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात एक दोरी होती, प्रत्येक घरात एक शपथ होती, आणि प्रत्येक बाईला वाटत होतं की या शूर गावात भित्रं माणूस आहे ते आपल्याच घरात. हसणं जरा ओसरलं तेव्हा सगळ्यांची नजर माळाच्या कडेला गेली. कधीतरी शिडीवरून पडलेले तिघं जण गावात लंगडत चालायचे. गाव त्यांना शूर म्हणायचं. त्या तिघांच्या घरी कुणी दोरी वळलेली नव्हती, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की दोरी असते. म्हातारबा स्वतः त्यांच्यापाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. एवढं मात्र त्या दिवशी हसण्यावारी गेलं नाही.

त्या दिवशी मध निघाला नाही. माश्या चिडल्या होत्या आणि माणसं हसून हसून दमली होती. मध चार दिवसांनी निघाला, आणि नेहमीपेक्षा जास्तच निघाला, कारण हात मोकळे असले की काम बरं होतं.

पुढच्या वर्षापासून गावात नवा रिवाज पडला. पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या कंबरेला दोरी त्याच्या थोरल्या भावानं किंवा बहिणीनं बांधायची, सगळ्यांदेखत, आणि बांधताना म्हणायचं, “ही माझीही आहे.” ज्याला थोरलं भावंड नाही त्याला शेजारच्या घरातलं थोरलं. दोरीला नाव राहिलं ते पाळण्याचंच. परगावचे लोक हसत, एवढे बाप्ये आणि पाळण्याची दोरी! गाव म्हणे, होय, अजून पुरती वाढ झाली नाही आमची.

धाकट्यानं पुढच्या वर्षी दोन्ही हात सोडले आणि टाळ्या वाजवल्या, आठ वेळा. मग घोंगडी बाजूला करून सगळ्यांना आकडा दाखवला आणि वाकून नमस्कार केला. गाव वेडं झालं. त्याच्या नाकावर त्या तीन डंखांचे तीन ठिपके मात्र कायम राहिले. माळावरची लहान पोरं काजळानं तसेच ठिपके नाकावर काढायला लागली. मधलीनं ते बघितलं आणि तिला नवी काळजी लागली. तिनं त्या पोरांना जवळ बोलावलं, ओळीनं बसवलं आणि ठिपके कसे पडले ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, काहीही न लपवता, उकिरड्यासकट.

तात्पर्य काय, तर धाकटी भावंडं थोरल्यांचं ऐकतातच असं नाही, पण बघत मात्र सतत असतात. तेव्हा त्यांना सुटलेले हात दाखवाल, तर कंबरेची दोरीही दाखवा. आणि गाठ दोनदा ओढून बघा.